आतून रुंद, बाहेरून अरुंद : छोट्या गाडीसाठी बूट शोधताना

गाडी शिकलेल्या, लायसन्सही काढलेल्या, पण गाडीला हात न लावणाऱ्या बायका माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. का सोडली विचारलं की बहुतेक जणी "भीती वाटते" एवढंच म्हणतात. जरा खोदून विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते: पाय अडकतो. ब्रेक दाबायला जावं तर चप्पल ॲक्सिलरेटरलाही लागते, क्लचवरून पाय काढला की तो ठेवायचा कुठे हे कळत नाही. हे सांगायला त्यांना संकोच वाटतो, आणि ऐकणारेही "सवयीने जमेल" म्हणून विषय मिटवतात. माझं तसंच व्हायची वेळ आली होती. म्हणून जे झालं ते क्रमाने, खर्चासकट लिहून ठेवते आहे.

मी अमळनेरला राहते आणि पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय सेहेचाळीस. एसटीने फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून जे मिळेल त्याने पुढे, असं बरीच वर्षं चाललं. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी धुळ्याला डॉक्टरांकडे नेमाने जावं लागायला लागलं, तेव्हा घरातल्या दोघांनाही गाडी यायला हवी हे ठरलं. जळगावचे माझे धाकटे दीर नवी गाडी घेत होते. त्यांची २०१० ची छोटी गाडी २०२४ च्या दसऱ्याला आमच्या दारात आली. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०, विमा, पीयूसी हे कागद जोडले. विमा आपल्या नावावर करून घ्यायला कायद्याने चौदा दिवस मिळतात. ते काम आधी उरका, कारण मधल्या दिवसांत काही झालं तर सगळं त्यावरच अडतं.

दिवाळीनंतर शिकाऊ लायसन्सचा अर्ज केला. आधार क्रमांक असला की ही परीक्षा आता घरी बसून, कॅमेऱ्यासमोर देता येते. चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. आमच्या डॉक्टरांनी नजर तपासली, रंग ओळखायला लावले आणि दिलं. फी दीडशे रुपये अर्जाची आणि पन्नास परीक्षेची. ११ नोव्हेंबरला शिकाऊ लायसन्स हातात आलं. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची चाचणी त्यानंतर तीस दिवसांनी देता येते. ही तीस दिवसांची वाट मला तेव्हा फार लांब वाटली होती. पुढे जे झालं ते पाहता, ते दिवस मिळाले हे बरंच झालं.

ड्रायव्हिंग स्कूलची फी साडेपाच हजार. शिकवणारे दादा शांत स्वभावाचे, आवाज न चढवणारे. स्कूलची गाडी नव्या बांधणीची होती, तिचे पेडल ऐसपैस. मी शाळेत घालते तीच पट्ट्याची चप्पल घालून शिकले आणि काही अडलं नाही. अमळनेरच्या बाजारातून, बोरी नदीच्या पुलावरून, गलवाड्याच्या बाजूला गाडी नीट चालत होती. डिसेंबर उजाडला आणि मुलांच्या बाबांना शेजारी बसवून घरची गाडी बाहेर काढली. पुढे-मागे पांढऱ्या चौकोनावर लाल एल लावलेला होता. तो अठरा सेंटिमीटरचा चौकोन नियमातच सांगितलेला आहे, आणि शेजारी लायसन्सवाला माणूस असणंही.

घरची गाडी पहिल्याच वळणावर वेगळी वाटली. क्लच दाबला की डावा पाय दोन्ही सीटांच्या मधल्या उंचवट्याला घासायचा. ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाताना चपलेची कड दोन्हीकडे लागायची, मग गाडी थांबता थांबता इंजिन घुरघुरायचं. मी ते सवयीवर सोडलं. थंडी होती म्हणून सकाळी फिरायला जायचे ते स्पोर्ट्स शूज घातले. मऊ, जाड तळाचे, वर्षापूर्वी अठराशेला घेतलेले. बूट बंद असल्यामुळे पाय जास्त सुरक्षित राहील असं घरात सगळ्यांनाच वाटलं.

कापसाचे दिवस होते. पारोळ्याच्या रस्त्यावर कापूस भरलेल्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात आणि पुढचं काही दिसू देत नाहीत. अशाच एका ट्रॉलीच्या मागे मी हळू जात होते. ट्रॅक्टर अचानक थांबला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेककडे नेला, आणि बुटाचं नाक ब्रेकच्या पेडलखाली अडकलं. ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा थोडं वर असतं. जाड नाकाचा बूट सरळ बाजूला सरकवला की त्याच्या खालच्या कडेला जाऊन भिडतो. पाय मागे ओढून परत वर ठेवायला जेमतेम क्षण गेला असेल. यांनी तेवढ्यात हँडब्रेक ओढला होता. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. कुणाला काही झालं नाही. पण मला घाम फुटला आणि घरापर्यंत गाडी त्यांनीच आणली.

त्या रात्री मला झोप आली नाही. गाडी शिकणं सोडावं असं खरंच वाटलं. सासूबाई पलीकडच्या खाटेवर जाग्याच होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "पाय मोकया जोयजे, माय." पाय मोकळा पाहिजे. त्यांनी आयुष्यभर शेतात काम केलंय, पायांचं त्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी टेप, वही आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीत पायांच्या जागी वाकून बसले.

हे प्रत्येकाने एकदा करावं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, आणि छोट्या गाड्यांत उजव्या पुढच्या चाकाचा उंचवटा नेमका पाय ठेवण्याच्या जागेत आत आलेला असतो. त्यामुळे तिन्ही पेडल डावीकडे, मधल्या उंचवट्याकडे ढकलली जातात. क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला वेगळी जागा उरतच नाही. माझ्या गाडीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमधलं अंतर साडेचार सेंटिमीटर निघालं. ॲक्सिलरेटरचं पेडलही साधारण तेवढंच रुंद. मग स्पोर्ट्स शूज उलटे करून मोजले, तर पंजाखाली तळ साडेअकरा सेंटिमीटर. पाय पेडलच्या मधोमध ठेवला तरी दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर तळ बाहेर! थोडा तिरका झाला की ब्रेकला लागणारच. त्यात माझी स्वतःची काही कमतरता नव्हती, मापाचाच प्रश्न होता. हे आकडे वहीत उतरले तेव्हा आदल्या दिवसापासून छातीवर असलेलं ओझं उतरलं.

बुटांआधी गाडीकडे पाहिलं. आमच्या ओळखीच्या मेकॅनिक भाऊंकडे गेले आणि पेडल थोडं वाकवून अंतर वाढवता येईल का विचारलं. त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. ब्रेकच्या पेडलला हात लावायचा नसतो, त्याच्या जोडाला ताण आला तर केव्हा दगा देईल सांगता येत नाही. त्यांनी जे केलं ते साधं होतं. क्लचची केबल सैल पडली होती, ती जुळवून दिली. त्यामुळे क्लच फार खालपर्यंत दाबावा लागेनासा झाला. क्लच आणि ब्रेकवरची झिजलेली रबरं बदलली. मजुरी धरून साडेतीनशे रुपये झाले. दिरांनी टाकलेली जाड, सैल मॅट त्यांनी काढायला लावली, कारण ती सरकून पेडलखाली गोळा होत होती. तिच्या जागी खिळवून बसणारी पातळ मॅट टाकली. सीटही त्यांनी लावून दिली: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि उजव्या पायाची टाच जमिनीवर टेकलेली राहून पंजा ब्रेक-ॲक्सिलरेटरवर फिरला पाहिजे. मी आजवर फार पुढे सरकून बसत होते. एक खाच मागे गेल्यावर घोट्याचा कोन बदलला आणि तेवढ्यानेही पाय मोकळा वाटला.

मग बूट. आधी हे ठरवायचं होतं की माझ्या गाडीला किती रुंद तळ चालेल. शाळेत कार्यानुभवाला आणलेला पुठ्ठा घरी होता. त्याचे बुटाच्या तळाच्या आकाराचे तुकडे कापले, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा अरुंद, आणि मोजा घातलेल्या पायाखाली रबरबँडने बांधून पेडलवर पाय फिरवला. इंजिन बंद, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हे शेजारी बसून टॉर्च धरून पाहत होते, कड कुठे लागते ते. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-चारदा दाबला की दगडासारखा कडक होतो, कारण त्याला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो. तेव्हा जोराचा अंदाज या प्रयोगातून घेऊ नका, फक्त जागेचा घ्या. दहा सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर, एवढ्या रुंदीपर्यंत पाय कुठेही न लागता फिरत होता. त्यापुढे लागायचा. मग एका जाड पुठ्ठ्याला बरोबर तेवढ्या रुंदीची खाच कापली. बुटाचा पंजाकडचा भाग या खाचेतून गेला तर तो बूट घालून पाहायचा, नाही गेला तर परत ठेवायचा. हा पुठ्ठा पुढे पर्समध्ये घेऊन मी दुकानं फिरले.

आणि माझा पाय? संध्याकाळी, दिवसभर वर्गात उभी राहिल्यानंतर कागदावर उभी राहून मोजला. पाय संध्याकाळी फुगतो, म्हणून मोजायचा तेव्हाच, आणि बसून नाही. दोन्ही पाय मोजायचे, माझा उजवा थोडा मोठा निघाला. पंजाची रुंदी नऊ सेंटिमीटर सहा मिलिमीटर, जोडव्यांसकट. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सहा मिलिमीटर जागा. एवढ्यात बुटाचं चामडं, अस्तर आणि तळाची कड बसवायची होती. पाय आतून मोकळा हवा आणि बूट बाहेरून अरुंद हवा, अशी ही मागणी. दुकानात ती सांगितली की दुकानदार पहिल्यांदा माझ्याकडे पाहायचे आणि मग कामाला लागायचे.

बायकांचे बंद बूट आपल्याकडे पुढून निमुळते असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा भारतीय पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात असं दिसलं. 'भा' नावाची आपली स्वतःची मापपद्धत त्यावरूनच सुचवली गेली. आपण मात्र अजून इंग्लंडचे नंबर वापरतो. त्यात एक नंबर वाढला की बूट तिसरा हिस्सा इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटर लांब होतो, रुंदी त्यामानाने थोडीच वाढते. रुंद पायाची बाई सैल व्हावा म्हणून एक नंबर मोठा घेते, आणि तिला मिळतं ते पुढे रिकामं, लांब नाक. तेच नाक ब्रेकखाली अडकतं. कापसाच्या ट्रॉलीमागे माझं हेच झालं होतं; ते स्पोर्ट्स शूज मी एक नंबर मोठेच घेतले होते, तेही दुकानदाराच्या सांगण्यावरून.

नाताळाच्या सुट्टीत आधी अमळनेरच्या बाजारात पाहिलं. मुलं पीटीला घालतात ते पांढरे कॅनव्हासचे बूट, साडेतीनशेला, पुठ्ठ्याच्या खाचेतून सहज गेले. तळ पातळ, सपाट, कडेला सरळ उभा. पायाला पेडल समजत होतं, किती दाबलं ते कळत होतं. मी आनंदाने घेतले आणि आठवडाभर वापरले. ड्रायव्हिंगला ते उत्तम होते, पण माझ्या जोडव्यांना नव्हते. जोडवं दुसऱ्या बोटात, आणि माझी लग्नातली, वर ठसा असलेली. कॅनव्हास ताणत नाही. ठसा वरून दाबला जायचा, पट्टी शेजारच्या बोटात रुतायची, संध्याकाळी तिथे लाल वण. करंगळीचंही तेच. पाय दुखत असला की माणूस नकळत तो बुटात आकसून घेतो आणि पेडलवर पंजाऐवजी बोटांनी दाबतो. जोराने ब्रेक लावायची वेळ आली तर बोटांत ती ताकद नसते. म्हणून दुखतंय तरी चालवून घेऊ, हे बुटांच्या बाबतीत मी पटवून घेतलं नाही.

मधल्या काळात लोकांनी सल्ले खूप दिले. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, अनवाणी चालवा. मी थोडं चालवून पाहिलं, अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत. पेडलची जाणीव छान येते हे खरं. पण जोरात दाबलं की रबराच्या कडा तळव्यात रुततात, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीत उघडा पाय टेकवता येत नाही. वाटेत उतरावं लागलं तर काच, काटे आहेतच. दुसऱ्या एकाने सांगितलं की चप्पल घालून चालवलं तर दंड होतो. तसं नाही. २०१९ मध्ये नवे दंड लागू झाले तेव्हा ही अफवा फार पसरली होती आणि नितीन गडकरींच्या कार्यालयाने तेव्हाच खुलासा केला होता की चपलेसाठी दंडाची तरतूद नाही. तरी मागे पट्टा नसलेली चप्पल गाडीत नकोच. टाच उचलली की ती लोंबते, दुमडते आणि पेडलखाली जाते. उंच टाचेचीही नको. टाच जमिनीवर टेकवून पाय फिरवायचा असतो, आणि त्या टाचेचं टोक एवढंसं असलं की पाय डगमगतो.

आमचा मुलगा पुण्यात शिकतो. त्याने फोनवर सांगितलं की खास गाडी चालवण्यासाठी बनवलेले बूट असतात, इटलीत साठच्या दशकापासून. मऊ चामडं, पातळ तळ, तळाला रबराचे ठिपके, आणि ते ठिपके टाचेच्या मागेपर्यंत वर चढवलेले, कारण गाडी चालवताना टाचेची मागची कड जमिनीवर घासते. आपल्या बाजारात तसे दिसणारे बूट मिळतात, 'लोफर' म्हणून. जळगावला फुले मार्केटमध्ये पाहिले. बाराशे-पंधराशेच्या घरात. खाचेतून गेले, पण वरून उघडे असल्यामुळे क्लच दाबताना माझी टाच त्यातून वर यायची. ज्यांचा पाय भरलेला आहे त्यांना ते बसतील. मला बांधता येईल असाच बूट हवा होता.

तो मिळाला धुळ्याला, आग्रा रोडवरच्या एका जुन्या दुकानात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. सासूबाईंना डॉक्टरांना दाखवून झालं होतं, त्या दुकानातच खुर्चीवर बसल्या होत्या. दुकानातल्या आबांनी माझा पुठ्ठा हातात घेतला, माप पाहिलं, आणि बायकांच्या बाजूला न जाता पुरुषांच्या कपाटातून सहा नंबरचा साधा, काळा, लेसचा चामडी बूट काढला. त्याच लांबीत पुरुषांचा बूट पंजाला सैल असतो. चामडं मऊ होतं, तळ शिवलेला आणि पातळ, मध्ये फोम नाही. बोटांच्या वर पुरेशी उंची. नाक गोल आणि आखूड. खाचेत मात्र तो अडला, दोन्ही बाजूंना मिळून तीन-चार मिलिमीटरनी. किंमत अकराशे. आबा म्हणाले, "ताई, घेऊन टाका. कड जास्त आहे तेवढी कापून मिळते. पण कापणारा हाताचा चांगला पाहा."

अमळनेरला स्टेशनच्या रस्त्यावर बसणारे आमचे नेहमीचे चर्मकार काका आहेत. त्यांच्याकडे दोन कामं होती. त्यांनी आधी मला उभं करून माझा पाय पाहिला, कागदावर नाही, प्रत्यक्ष. "तुमना पाय रुंद शे, ताई. बूटनी काही चूक नही," असं म्हणाले आणि जोडव्याच्या व करंगळीच्या जागी बुटावर खडूने खूण केली. बूट आतून ओला केला, लाकडी फर्मा घातला आणि खुणेच्या जागी आत चामड्याचे छोटे तुकडे लावून तिथे फुगवटा आणला. फर्मा दोन रात्री आत राहिला. मग कड. शिवलेल्या तळाची कड शिवणीच्या बाहेर जेवढी असते तेवढीच रापीने कापता येते, शिवणीजवळ गेलं तर तळ सुटतो. चिकटवलेल्या तळाला किंवा कॅनव्हासच्या बुटाला तर हे करायचंच नाही. माझे पांढरे बूट त्यांनी हातात घेऊन परत दिले. कड कापून, घासून, मेण लावून झालं. दोन्ही कामांचे मिळून दीडशे रुपये. मी पुठ्ठा काढला. बूट खाचेतून गेला. काकांनी तो पुठ्ठा स्वतःकडे ठेवायला मागितला, मी दुसरा कापून दिला.

जोडव्यांचंही पाहिलं. सोनाराकडे जाऊन ठसा नसलेली, चपटी चांदीची जोडवी घेतली. लग्नातली डब्यात ठेवताना सासूबाईंना काय वाटेल याची मला धाकधूक होती. त्यांनीच माझ्या बोटात नवी घातली. मोजे सुती आणि पातळ घेते. जाड मोज्याने मोजमापाचा सगळा हिशेब बिघडतो, म्हणून दुकानात जाताना तेच मोजे घालून जायचं. साडी असली तर बसल्यावर निऱ्या वर ओढून मांड्यांखाली दाबून घेते, पायात बूट स्वच्छ दिसले पाहिजेत इतक्या.

नवे बूट घालून लगेच मोठ्या रस्त्यावर गेले नाही. इंजिन बंद ठेवून, पायाकडे न पाहता पाय ब्रेकवर नेण्याचा सराव केला. ॲक्सिलरेटर, ब्रेक, ॲक्सिलरेटर, टाच तिथेच. मग मोकळ्या मैदानात हळू वेगात अचानक थांबण्याचा. ट्रॉलीमागची ती वेळ अंगातून जायला काही दिवस लागले. ती गेली ते पाय प्रत्येक वेळी ब्रेकवर नीट पडतो हे दिसल्यावरच. कुणी धीर दिल्याने ती गेली नसती.

पक्क्या लायसन्सच्या चाचणीसाठी तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो, पण त्या दिवशी शाळेत तपासणी होती. म्हणून ऑनलाइन वेळ घेऊन जळगावला गेले, १८ फेब्रुवारी २०२५. फी तीनशे चाचणीची, दोनशे लायसन्सची, स्मार्ट कार्डाचे वेगळे. शिकाऊ लायसन्स, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र म्हणजे नमुना ५, गाडीचे मूळ कागद, विमा, पीयूसी एका फाइलमध्ये लावून न्या. तिथे शोधत बसलं की मन विचलित होतं. मी घरचीच गाडी नेली होती. सकाळी दहाला पोचलो, नंबर दीडच्या सुमारास आला. उन्हात उभं राहायचं होतं, म्हणून बाहेर चप्पल घातली आणि रांग पुढे सरकल्यावर बूट चढवले. साहेबांनी सरळ पुढे, मग उलट वळणातून मागे आणि चढावर थांबून परत निघायला लावलं. चढावर क्लच आणि ॲक्सिलरेटर एकत्र सांभाळताना दोन्ही पायांना नेमकं कळावं लागतं किती दाबलंय. पातळ तळाचा उपयोग मला तिथे सगळ्यात जास्त जाणवला. संध्याकाळी मोबाइलवर पास झाल्याचा संदेश आला. कार्ड टपालाने मार्चमध्ये घरी आलं. पन्नाशीच्या आत असल्यामुळे ते दहा वर्षं चालेल.

आता हे बूट फक्त गाडीत असतात. चालायला घातले तर तळ असमान झिजतो आणि पावसाळ्यात आमची काळी माती तळाला अशी बसते की पेडलवरून पाय घसरतो. दाराशी गोणपाटाचा तुकडा ठेवला आहे. गाडीत बसायचं, पाय बाहेर ठेवून चप्पल काढायची, बूट घालायचे. काढलेली चप्पल शेजारच्या सीटच्या मागे जाते, माझ्या पायांजवळ कधीही नाही. पाण्याची बाटलीही तिथे नाही. ती घरंगळून ब्रेकखाली गेली तर बूट कितीही चांगले असले तरी काही करता येत नाही.

शाळेतल्या एका मॅडमनी परवा पुठ्ठ्याचं माप मागितलं. मी माझं दिलं नाही, टेप दिला. त्यांची गाडी वेगळी आहे, तिच्यात ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये साडेपाच सेंटिमीटर निघाले, त्यांना जरा रुंद तळही चालेल. माझ्या बुटांचा टाचेकडचा तळ मागच्या बाजूने झिजायला लागला आहे. काकांना सांगून ठेवलंय की दिवाळीआधी नवा लावायचा, आणि आहे तेवढ्याच जाडीचा.